रडणाऱ्या खेळाडूसमोरून माइक कधी काढायचा?

प्रश्न: खेळाडूच्या घरात कुणीतरी गेलेलं असतं, तो तरी खेळतो, जिंकतो, आणि मैदानातून बाहेर आला रे आला की माइक पुढे. वडिलांबद्दल सांगा, भावाबद्दल सांगा. तो रडायला लागला की कॅमेरा अजून जवळ. मला ते बघवत नाही. घरचे म्हणतात सेलिब्रिटी आहेत, लोकांना जाणून घ्यायचंच असतं, उलट त्यामुळे आपुलकी वाटते. खरं काय मानायचं?
– एक वाचक, सातारा

उत्तर: बघवत नाही ना, मग तुमचं मन ठिकाणावर आहे. आपुलकी वाटते हेही खोटं नाही, प्रश्न कुठे थांबायचं याचा आहे.

2014 चं सोची ऑलिम्पिक घ्या. अमेरिकेचा स्कीइंगपटू बोडी मिलर, वय 36, सुपर-जी या स्कीइंगच्या शर्यतीत ब्राँझ मिळालं. त्याचा धाकटा भाऊ चेलोन आदल्या वर्षी एप्रिलमध्ये गेला होता, फक्त 29 वर्षांचा. मुलाखत घेणारी एनबीसी या अमेरिकन चॅनलची क्रिस्टिन कूपर, ती स्वतः 1984 च्या ऑलिम्पिकमधली स्कीइंगची रौप्यपदक विजेती, म्हणजे खेळ काय असतो हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. तिचा पहिला प्रश्न अगदी साधा होता, या पदकाचं मोल तुझ्यासाठी काय. भावाचा विषय मिलरनेच काढला. इथपर्यंत काहीच गैर नाही. मग तिने विचारलं मनात काय चाललंय, त्याचे डोळे भरले. मग विचारलं, हे भावासाठी होतं का, तर तो म्हणाला त्याच्यासाठीच होतं असं नाही सांगता येत, आणि गाल पुसायला लागला. इथे थांबायला हवं होतं हो! पण अजून एक प्रश्न आला, स्टार्टला तू वर आकाशात बघत होतास, कुणाशी तरी बोलत असल्यासारखा, ते काय होतं? झालं, त्याला पुढे बोलताच येईना, मान खाली घालून तो तिथल्या कठड्यावर वाकला आणि कॅमेरा मात्र तसाच त्याच्यावर, किती वेळ तरी.

आणि मला सगळ्यात जास्त काय खुपतं सांगू का, अमेरिकेतल्या प्रेक्षकांना हे लाइव्ह दिसलंच नव्हतं, रात्रीच्या प्राइमटाइमला काही तासांनी रेकॉर्ड केलेलं दाखवलं. लाइव्हमध्ये माणूस गडबडतो, समजू शकतो, पण एडिटिंगला बसलेल्यांकडे तर भरपूर वेळ होता, शेवटचा प्रश्न कापता आला असता, कॅमेरा हटवता आला असता, त्यांनी सगळंच ठेवलं. चॅनलचं म्हणणं पडलं की ती उत्तरं बातमीचा आवश्यक भाग होती. लोक कूपरवर तुटून पडले तेव्हा मिलरनेच ट्विटरवर सांगितलं की तिला इतकं धारेवर धरू नका. त्याने तिला माफ केलं, तर मी कोण बोलणारी. पण डेस्कवरच्यांना मी माफ करत नाही.

माझं मत स्पष्ट आहे. विषय खेळाडूने काढला तर एक प्रश्न विचारा. त्याने काढला नाही तर खेळाबद्दल विचारा. गळा दाटला की थँक यू म्हणा आणि माइक खाली घ्या.

आता ‘लोकांना जाणून घ्यायचं असतं’ याबद्दल. सप्टेंबर 2019, क्रिकेटपटू बेन स्टोक्स तेव्हा इंग्लंडचा हिरो, वर्ल्ड कप आणि हेडिंग्लेची टेस्ट नुकतीच झालेली, आणि ‘द सन’ या ब्रिटिश पेपरने पहिल्या पानावर काय छापलं, तर 1988 मध्ये न्यूझीलंडमध्ये त्याच्या आईच्या बाबतीत घडलेली एक भयंकर घटना. स्टोक्सचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. काय घडलं होतं ते मी इथे मुद्दाम लिहीत नाही. तो आणि त्याची आई कोर्टात गेले, 2021 मध्ये पेपरने माफी मागितली, भरपाई दिली. घरच्यांना विचारा, मुलगा सेलिब्रिटी म्हणून ती माऊली कधी सेलिब्रिटी झाली?

प्रश्न: सचिन वडील गेल्यावर चार दिवसांत परत येऊन सेंच्युरी मारतो, मग आताचे खेळाडू ‘वैयक्तिक कारण’ सांगून घरी का बसतात?
– एक वाचक, ठाणे

उत्तर: 1999 चा वर्ल्ड कप अजून आठवला की अंगावर काटा येतो. प्रा. रमेश तेंडुलकर गेले, सचिन इंग्लंडहून मुंबईला आला, झिम्बाब्वेची मॅच चुकली, आपण 3 रनांनी हरलो, आणि 23 मे ला ब्रिस्टलला केनियाविरुद्ध 101 बॉलमध्ये नाबाद 140. त्याला परत जा असं त्याच्या आईने सांगितलं होतं. तो त्या घराचा निर्णय होता, आपण त्याचा नियम का करायचा? त्या दिवशी तो शून्यावर आउट झाला असता तर वडिलांवरचं प्रेम कमी ठरलं असतं का? मोहम्मद सिराज नोव्हेंबर 2020 मध्ये वडील गेल्यावर ऑस्ट्रेलियातच थांबला, बोर्डाने घरी जायची मुभा दिलेली होती, तोही त्याचाच निर्णय.

आणि जो थांबत नाही त्याचं आपण काय करतो तेही बघा. ऑगस्ट 2020 मध्ये सुरेश रैना आयपीएल सोडून यूएईहून परत आला, टीमने वैयक्तिक कारण एवढंच सांगितलं, तर लगेच बातम्या की हॉटेलच्या बाल्कनीवरून रुसला म्हणून. तिकडे पंजाबात त्याच्या आत्याच्या घरावर हल्ला होऊन आत्याचे यजमान गेले होते, मग आतेभाऊही गेला. 1 सप्टेंबरला त्याने हे सगळं स्वतः ट्विट केलं. कुटुंबावर असं संकट कोसळलेलं आणि हा माणूस फोनवर ते टाइप करतोय!

घरी का बसतात म्हणता, तर आई एकटी पडलेली असते, दहावं-तेरावं असतं, दाखल्यासाठी कचेरीत खेटे घालायचे असतात, भेटायला येणाऱ्यांची रीघ असते, आणि हे सगळं करायला मुलगा किंवा मुलगी लागते, मग ते खेळाडू असले तरी.