धोट्याचा ठोका आणि आपले कान

प्रश्न : चौदा वर्षं साध्या मागावर आहे. पाळी सुटली तरी कानात रातकिडे ओरडत राहतात. कापसाचा बोळा घालतो, तेवढा पुरतो का? (यंत्रमाग कामगार, इचलकरंजी)

नाही पुरत. कापसातून आवाज जवळपास तसाच आत येतो. फोमचे इअरप्लग आणा. हात धुऊन प्लग वातीसारखा बारीक वळा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर-मागे ओढा, प्लग आत सरकवा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवा. नीट बसला की स्वतःचंच बोलणं घुमल्यासारखं वाटतं. पाळीत अर्धा तास जरी काढून ठेवला तरी बराचसा उपयोग वाया जातो, म्हणून काढायचा तो खात्याबाहेर (मागांच्या शेडबाहेर) आल्यावरच. आणि कानात आवाज येतोय म्हणजे ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी) करायलाच हवी. सुट्टीच्या दिवशी, कानांना रात्रभर शांतता मिळाल्यावर करा.

प्रश्न : माझे २४ माग आहेत, वर पत्रा. भिंतींना थर्माकोल लावला तर आवाज कमी होईल का? (कारखानदार, इचलकरंजी)

कृपा करून लावू नका. थर्माकोल आवाज अडवत नाही, आणि कापसाची तूस उडते तिथे आगीला मात्र निमंत्रण देतो.

आधी मागाकडे बघा. मिनिटाला शंभरावर वेळा धोटा (आडवा धागा नेणारा ठोकळा) फेकला जातो आणि पिकरवर (त्याला ठोसा देणाऱ्या भागावर) आदळून थांबतो. मूळ आवाज तो. एकेक माग एकटा चालवून जॉबरसोबत (माग दुरुस्त करणाऱ्यासोबत) ऐका. झिजलेला पिकर, ढिला बोल्ट, कोरडी पडलेली गिअर, थरथरणारं पत्र्याचं कव्हर असं काही ना काही सापडतंच. ही दुरुस्ती खर्चाने सगळ्यात स्वस्त. पायाखाली रबरी पॅड घातलेत तर जमिनीतून शेजाऱ्याकडे जाणारा हादरा कमी होईल, खात्यातला आवाज फारसा नाही. छताखाली रॉकवूल (आवाज शोषणारी दगडी लोकर) आणि त्यावर छिद्रांचा पत्रा लावलात तर घुमणं कमी होतं. पण मागाशी उभ्या माणसाच्या कानावर थेट येणारा ठोका तसाच राहतो. सगळे माग सारखे असतील, तर निम्मे बंद केले तरी आवाज फक्त ३ डेसिबलने उतरतो. म्हणून इअरप्लगचा खर्च तुम्ही करा, कामगाराच्या पगारातून नको.

प्रश्न : मोबाइलवरच्या ॲपने आवाज मोजला तर चालेल?

अंदाजापुरता. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल, तर आवाज ८५ डेसिबलच्या आसपास किंवा वर आहे असं धरा. आपल्याकडे आठ तासांसाठी ९० ची मर्यादा आहे. मी मात्र ८५ पासूनच कान झाकायला सांगतो.

प्रश्न : आमचे मालक (यजमान) म्हणतात, 'मला सवय झालीय.' पण हल्ली टीव्ही फार मोठा लावतात. (गृहिणी, भिवंडी)

ताई, कानाला सवय होत नाही, कान जातो. सुरुवात ४००० हर्ट्झच्या आसपासच्या उंच पट्टीच्या आवाजांपासून होते. त्यामुळे गप्पा कळतात, पण 'स', 'श' निसटतात आणि माणूस म्हणतो, तू पुटपुटतेस. गेलेलं ऐकणं परत येत नाही. उरलेलं टिकवता येतं. हा बहिरेपणा कायद्याने व्यावसायिक आजार मानला आहे. त्यांचं नाव कर्मचारी राज्य विमा योजनेत असेल तर विमा दवाखान्यात न्या, आणि किती वर्षं मागावर काम केलं ते केसपेपरवर आठवणीने लिहून घ्या.