विनयूएसबी बसवल्यानंतर मूळ ड्रायव्हर परत कसा आणावा

आपला प्रश्न मला समजला तो असा. आरटीएल२८३२यू चिप असलेल्या टीव्ही डोंगलवर (यूएसबीत लावायच्या टीव्ही रिसीव्हरवर) आपण झॅडिग हे ड्रायव्हर बदलण्याचे साधन वापरून विनयूएसबी हा विंडोजचा सर्वसाधारण यूएसबी ड्रायव्हर बसवला आणि रेडिओ ऐकण्याचे सॉफ्टवेअर व्यवस्थित चालू झाले. आता टीव्हीच्या मूळ सॉफ्टवेअरला डोंगल दिसत नाही. डिव्हाइस मॅनेजरमधून अनइन्स्टॉल केले, तरी डोंगल काढून परत लावताच विनयूएसबी पुन्हा हजर होतो. शिवाय ही अदलाबदल स्वतः लिहीत असलेल्या प्रोग्राममधूनच एका बटणावर व्हावी, अशी आपली इच्छा आहे.

या दोन्ही गोष्टींमागे एकच समजूत आड येत आहे, असे मला वाटते. ड्रायव्हर डोंगलला चिकटलेला असतो आणि तो काढून दुसरा लावायचा असतो, असे आपण गृहीत धरले आहे. प्रत्यक्षात विंडोज स्वतःच्या ड्रायव्हर स्टोअरमध्ये ड्रायव्हरांची सर्व पॅकेजे (फाइलींचे संच) साठवून ठेवते आणि यंत्र नव्याने ओळखले जाते त्या वेळी त्यांतून सर्वांत जवळचे पॅकेज निवडते. त्यामुळे मूळ ड्रायव्हर परत आणणे म्हणजे बहुतेक वेळा काहीही नव्याने बसवणे नसते. स्पर्धेत पुढे असलेला उमेदवार स्टोअरमधून बाहेर काढणे एवढेच असते. आपण यंत्राची नोंद काढली, पॅकेज मात्र जागेवरच राहिले, म्हणून डोंगल लावताच तीच निवड पुन्हा झाली.

ही निवड कशी होते, ते थोडे तपशिलात पाहणे फायद्याचे आहे. प्रत्येक यूएसबी यंत्र दोन प्रकारच्या ओळखी सांगते. पहिली हार्डवेअर आयडी, जिच्यात उत्पादक क्रमांक, उत्पादन क्रमांक आणि यंत्र संयुक्त (एकात अनेक कामे करणारे) असेल तर इंटरफेसचा, म्हणजे त्यातल्या एकेका भागाचा, क्रमांक असतो. आपल्या डोंगलच्या बाबतीत उत्पादक क्रमांक बहुधा ०बीडीए आणि उत्पादन क्रमांक २८३८ असेल, आणि ज्याच्यावर विनयूएसबी बसवला तो इंटरफेस शून्य असेल. दुसरी ओळख म्हणजे कंपॅटिबल आयडी, जी यंत्र कोणत्या वर्गातले आहे एवढेच सांगते: कीबोर्ड-माऊसच्या वर्गातले, सीरियल पोर्टच्या वर्गातले, वगैरे. ड्रायव्हर पॅकेजातली आयएनएफ फाइल (पॅकेज कोणत्या यंत्रासाठी आहे ते सांगणारी) यांपैकी कोणत्या ओळखीशी जुळते त्यावरून विंडोज त्याला रँक देते. आकडा जितका लहान तितकी पसंती अधिक. नेमकी हार्डवेअर आयडी जुळली तर रँकचे शेवटचे चार अंक ०००१ सारखे येतात आणि केवळ वर्ग जुळला तर ते २००० च्या पुढे जातात. दोन पॅकेजांची रँक सारखीच आली, तर ज्याची तारीख नंतरची ते जिंकते आणि तारीखही सारखी असेल तर आवृत्ती पाहिली जाते.

झॅडिगने तयार केलेले पॅकेज नेहमी नेमक्या हार्डवेअर आयडीसाठीच लिहिलेले असते. विंडोजसोबत येणारे सर्वसाधारण ड्रायव्हर, उदाहरणार्थ विंडोज १० पासूनचा सीरियल पोर्टचा ड्रायव्हर, वर्गावरून जुळतात. त्यामुळे या दोघांच्या स्पर्धेत झॅडिगचे पॅकेज दर वेळी जिंकणार, हे ठरलेलेच आहे. आपल्या बाबतीत उत्पादकाचे टीव्ही पॅकेजही नेमक्या आयडीसाठी असण्याची शक्यता आहे, म्हणजे लढत बरोबरीची होते आणि निकाल तारखेवर जातो. हे सगळे अंदाजाने ठरवण्याची गरज नाही. विंडोजच्या फोल्डरमधील आयएनएफ या उपफोल्डरात सेटअपएपीआय डॉट डेव्ह डॉट लॉग या नावाची फाइल असते. ती उघडून आपल्या यंत्राची शेवटची नोंद शोधावी. तिथे प्रत्येक उमेदवार पॅकेजचे नाव, जुळलेली ओळख आणि रँक अशा ओळी क्रमाने दिसतात आणि शेवटी कोणते पॅकेज निवडले गेले तेही लिहिलेले असते. ड्रायव्हरच्या तक्रारींवर नुसते तर्क लढवत बसलेले बरेच जण ही फाइल कधी उघडूनच पाहत नाहीत, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते.

आता प्रत्यक्ष कृतीकडे येऊ. डिव्हाइस मॅनेजरमध्ये डोंगलच्या नोंदीवर उजवे क्लिक करून अनइन्स्टॉल डिव्हाइस निवडल्यावर जी खिडकी उघडते, तिच्यात ड्रायव्हर सॉफ्टवेअरही हटवावे का, असे विचारणारा एक चौकोन असतो. त्यात खूण केल्याशिवाय पॅकेज जात नाही, आणि आपल्याकडून नेमकी ही खूण राहून गेली असावी. हा चौकोन दिसलाच नाही, तर त्या क्षणी यंत्रावर असलेला ड्रायव्हर विंडोजच्या स्वतःच्या संचातला आहे, असे समजावे. खूण करून अनइन्स्टॉल केल्यावर वरच्या मेनूमधून हार्डवेअर बदलांसाठी पुन्हा तपासणी करावी. उत्पादकाचे पॅकेज स्टोअरमध्ये शिल्लक असेल तर डोंगल आपोआप त्याच्याकडे जाईल. झॅडिगचे एकाहून अधिक पॅकेज साठले असेल, तर हीच कृती पुन्हा करावी लागते, कारण पहिले गेल्यावर दुसरे पुढे येते.

अशा वेळी कमांड प्रॉम्प्टमधले पीएनपीयूटिल हे साधन अधिक सोयीचे ठरते. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून प्रॉम्प्ट उघडून एनम-ड्रायव्हर्स हा पर्याय दिला की बाहेरून आलेल्या सर्व पॅकेजांची यादी मिळते. तिच्यात पुरवठादार म्हणून लिबडब्ल्यूडीआय (झॅडिग ज्यावर आधारलेले आहे ती लायब्ररी) असे लिहिलेली पॅकेजे झॅडिगची असतात. प्रत्येकाला ओईएम आणि त्यापुढे एक क्रमांक असे नाव दिलेले असते. ते नाव देऊन डिलीट-ड्रायव्हर आणि त्यासोबत अनइन्स्टॉल हा पर्याय वापरला की पॅकेज स्टोअरमधून जाते आणि ज्या ज्या नोंदी त्याच्यावर चालत होत्या, त्याही मोकळ्या होतात. अनइन्स्टॉल न देता केवळ फोर्स वापरण्याचा सल्ला अनेक ठिकाणी वाचायला मिळतो. तो टाळावा, कारण पॅकेज वापरात असतानाच हटवले जाते आणि यंत्राची नोंद अर्धवट राहते. आणखी एक गोष्ट जपावी: ओईएमचा क्रमांक प्रत्येक संगणकावर वेगळा असतो. दुसऱ्याच्या सूचनेतला क्रमांक जसाच्या तसा टाइप केला, तर आपल्या संगणकावरचा नेटवर्कचा किंवा ग्राफिक्सचा ड्रायव्हर उडू शकतो.

रोल बॅक ड्रायव्हर या बटणाने काम होते का, असे आपण विचारू शकाल. काही वेळा होते. पण ते त्या एका नोंदीपुरतेच असते. यंत्राला स्वतःचा सीरियल क्रमांक नसेल तर विंडोज प्रत्येक पोर्टसाठी वेगळी नोंद करते, आणि डोंगल दुसऱ्या पोर्टमध्ये लावताच निवड पुन्हा पहिल्यापासून होते. एका पोर्टमध्ये टीव्ही चालतो आणि शेजारच्या पोर्टमध्ये नाही, या तक्रारीचे कारण बहुधा हेच असते.

झॅडिगमध्ये यादीतून नेमका कोणता घटक निवडला होता, तेही एकदा आठवून पाहावे. हा डोंगल संयुक्त यंत्र आहे. त्याचा मुख्य भाग एक पालक नोंद म्हणून दिसतो आणि त्याच्या खाली इंटरफेस असतात. बदल इंटरफेस शून्यवर करायचा असतो. पालकावरच विनयूएसबी बसवला, तर खालचे सर्व इंटरफेस डिव्हाइस मॅनेजरमधून नाहीसे होतात आणि टीव्हीचा ड्रायव्हर बसायला जागाच उरत नाही. तसे झाले असेल, तर आधी पालकावरचे पॅकेज काढावे, म्हणजे विंडोजचा संयुक्त यंत्रांचा ड्रायव्हर परत येईल, आणि मगच इंटरफेसकडे पाहावे. सर्व यंत्रे दाखवण्याचा पर्याय झॅडिगमध्ये चालू असताना कीबोर्ड किंवा माऊस निवडला जाणार नाही, याची काळजी घ्यायला हवी, हे वेगळे सांगायला नको.

आता आपल्या बटणाविषयी. माझे स्पष्ट मत असे आहे की अदलाबदल टाळता येत असेल तर टाळावी. यंत्र कीबोर्ड-माऊसच्या (एचआयडी) वर्गातले असेल तर एचआयडीएपीआयसारखी लायब्ररी मूळ ड्रायव्हर न हलवता काम करते, आणि सीरियल वर्गातले असेल तर कॉम पोर्ट उघडणे पुरेसे असते. यंत्राचे फर्मवेअर (यंत्रातलेच सॉफ्टवेअर) आपल्याच हातात असेल तर त्यात मायक्रोसॉफ्ट ओएस डिस्क्रिप्टर हा ओळखीचा मजकूर घालावा. विंडोज तो वाचून विनयूएसबी स्वतःच बसवते आणि झॅडिगची गरजच राहत नाही. डोंगलच्या बाबतीत यांपैकी एकही वाट मोकळी नाही, हे मान्य.

म्हणून बटण करायचेच असेल तर दर वेळी पॅकेज घालणे आणि हटवणे असा खेळ न करता, दोन्ही पॅकेजे स्टोअरमध्ये राहू द्यावीत आणि त्या एका नोंदीसाठी हवे ते निवडावे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये अपडेट ड्रायव्हर या पर्यायातून यादीतला ड्रायव्हर स्वतः निवडतो, तेव्हा होते ते हेच. प्रोग्राममध्ये विंडोजच्या सेटअपडीआय गटातल्या फंक्शनांनी यंत्राशी जुळणाऱ्या ड्रायव्हरांची यादी बनवावी, तिच्यातला हवा तो निवडावा आणि डीआय-इन्स्टॉल-डिव्हाइस या फंक्शनला द्यावा. अपडेट-ड्रायव्हर-फॉर-प्लग-अँड-प्ले-डिव्हायसेस हे फंक्शन सोपे दिसते, पण ते ती हार्डवेअर आयडी असलेल्या सर्व जोडलेल्या यंत्रांवर लागू होते. दोन डोंगल असतील तर दोन्ही बदलतील. शिवाय सक्तीचा फ्लॅग दिला नाही, तर रँक चांगली नसलेला ड्रायव्हर ते बसवतच नाही.

बदल करण्यापूर्वी यंत्राच्या गुणधर्मांतून सध्याच्या आयएनएफचे नाव, पुरवठादार आणि आवृत्ती वाचून फाइलमध्ये लिहून ठेवावी. परत आणताना ओईएमच्या क्रमांकावर विसंबू नये, कारण मधल्या काळात पॅकेज काढून पुन्हा बसवले गेले तर क्रमांक बदलू शकतो. पुरवठादार आणि आवृत्ती जुळवून पाहावी. उत्पादकाचे मूळ पॅकेज पीएनपीयूटिलच्या एक्सपोर्ट-ड्रायव्हर पर्यायाने आधीच वेगळ्या फोल्डरात काढून ठेवावे, कारण जुन्या यंत्रांची पॅकेजे पुन्हा मिळतीलच असे नाही. प्रोग्रामला ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार लागतील, आणि ६४ बिटच्या विंडोजवर तो ६४ बिटचाच असायला हवा. ३२ बिटच्या प्रोग्रामने या फंक्शनांना हाक मारली तर सरळ त्रुटी परत येते. बदलाच्या वेळी रेडिओचे किंवा टीव्हीचे सॉफ्टवेअर डोंगल धरून बसले असेल तर विंडोज संगणक पुन्हा सुरू करायला सांगते, म्हणून आधी ते बंद झाले आहे याची खात्री करावी आणि फंक्शनने परत दिलेला रीबूटचा संकेत दुर्लक्षू नये.

लिनक्सवर हा सगळा व्याप नाही. तिथे डीव्हीबी-यूएसबी-आरटीएल२८एक्सएक्सयू हे कर्नल मॉड्यूल डोंगल ताब्यात घेते. लिबयूएसबी या यूएसबी लायब्ररीमध्ये ऑटो-डिटॅच सुरू केले की इंटरफेस घेताना कर्नलचा ड्रायव्हर बाजूला होतो आणि सोडताना परत जोडला जातो. प्रोग्राम मध्येच कोसळला तरी डोंगल काढून परत लावल्यावर मूळ स्थिती येते, कारण बदल कुठेच कायमचा लिहिलेला नसतो. मात्र आपण ते मॉड्यूल ब्लॅकलिस्टमध्ये (आपोआप सुरू होऊ नये अशांच्या यादीत) टाकले असेल, तर टीव्हीसाठी ती ओळ काढावी लागेल.

शेवटची एक साफसफाई विंडोजवर राहते. झॅडिग आपल्या पॅकेजवर सही करण्यासाठी प्रमाणपत्र स्वतःच तयार करते, ते संगणकाच्या विश्वसनीय यादीत घालते आणि सहीची खासगी किल्ली नष्ट करते. किल्ली उरत नसल्यामुळे त्या प्रमाणपत्राचा गैरवापर होण्याची भीती फारशी नाही, पण पॅकेज काढल्यावरही ते मागे राहते. स्थानिक संगणकाच्या प्रमाणपत्रांच्या व्यवस्थापकात विश्वसनीय मूळ प्रमाणपत्रे आणि विश्वसनीय प्रकाशक या दोन्ही विभागांत यंत्राच्या हार्डवेअर आयडीच्या नावाने आणि लिबडब्ल्यूडीआयच्या उल्लेखासह ते सापडेल. विनयूएसबीकडे पुन्हा जायचे नसेल तर दोन्हींकडून हटवावे. आपले बटण तयार करायचे असेल तर तूर्त राहू द्यावे.

एवढे करूनही टीव्हीचा ड्रायव्हर येत नसेल, तर डोंगल लावल्यानंतरचा लॉगमधला तेवढाच भाग इथे द्यावा. त्यातल्या रँकच्या ओळी पाहिल्या की कोणते पॅकेज आडवे येत आहे ते सांगता येईल.