जुन्या गाडीचं ऑइल प्रेशर चालता चालता एकदम शून्यावर आलं, आवाज काहीच नाही. इंजिन खोलावंच लागेल का?

तुम्हाला कुणीतरी 'बेअरिंगं गेली' म्हणून सांगितलंय, ते मला पटत नाही. बेअरिंगं झिजतात तेव्हा प्रेशर महिनोन् महिने उतरत जातं, तेही आधी गरम इंजिन आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी असताना हळू चालत असताना. कालपर्यंत 50 पौंडांवर (psi) असलेला प्रेशरचा काटा क्षणात पडला, म्हणजे काहीतरी अडकलंय, तुटलंय किंवा काटाच खोटं सांगतोय.

कारण सापडेपर्यंत इंजिन सुरू करू नका, अगदी 'एकदाच बघू' म्हणूनही नाही. तेलाशिवाय क्रँकशाफ्टवर ओरखडे पडायला मिनिटभरही पुरतं.

आधी डिपस्टिक काढून पातळी बघा आणि तेलाचा वासही घ्या. पेट्रोलचा वास येत असेल आणि पातळी वाढलेली असेल, तर बहुधा पेट्रोल पंपाचा पडदा फाटलाय आणि तेल पातळ झालंय. नंतर सेंडर (काट्याला प्रेशर कळवणारा इंजिनावरचा सेन्सर) काढून त्या जागी प्रेशर थेट दाखवणारं मेकॅनिकल गेज लावा, सगळे स्पार्क प्लग काढा, इग्निशन तोडा आणि नुसता स्टार्टर मारा. प्लग नसल्याने बेअरिंगवर फारसा भार येत नाही. काटा चांगला वर गेला तर दोष बहुतेक सेंडरचा.

नाही गेला तर मी आधी रिलीफ व्हॉल्व्ह (प्रेशर जास्त झालं की तेल परत सोडणारा व्हॉल्व्ह) उघडतो. बऱ्याच जुन्या इंजिनांत तो ब्लॉकच्या बाहेरून, एका मोठ्या नटामागे मिळतो. माझ्या गाडीत हेच झालं होतं. चेंबरचं (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याचं) गॅस्केट बदलताना सीलंट जास्त लागलं होतं, त्याचा दोऱ्याएवढा तुकडा प्लंजरखाली, म्हणजे व्हॉल्व्हच्या सरकत्या दट्ट्याखाली, अडकला. व्हॉल्व्ह उघडाच राहिला आणि तेल बेअरिंगकडे जाण्याऐवजी परत चेंबरमध्ये पडत होतं. स्प्रिंग, प्लंजर धुतले, प्रेशर आलं. तरीही चेंबर उतरवलं, कारण एक तुकडा आला म्हणजे आणखी असणार. ऑइल पंपाच्या जाळीवर ते होतेच. तुमच्याकडे अलीकडे असं काही काम झालंय का, हे आठवून बघा.

तिथेही काही नसेल तर ऑइल पंपाला फिरवणारा ड्राइव्ह शाफ्ट तुटलेला असू शकतो. इंजिन छान चालतं आणि प्रेशर शून्य. चेंबर उतरवलंत तर पंप बसवताना त्यात व्हॅसलीन भरा, म्हणजे तो तेल लवकर खेचतो.

आणि जुना ऑइल फिल्टर कापून बघाच. कागदाच्या घड्यांत तांबूस किंवा रुपेरी चमक दिसली, तर मात्र बेअरिंगं तपासायला इंजिन खोला.