माळ्यावर सापडलेल्या जुन्या तबकड्यांचं काय करावं?

माळ्यावर नाट्यगीतांच्या ७८ आरपीएम (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) तबकड्या निघाल्या, त्या ऐकायच्या कशा, असं विचारलंय. आधी एक कळकळीची विनंती: स्पिरिटने पुसू नका. या तबकड्यांत लाख असते आणि ती अल्कोहोलमध्ये विरघळते, म्हणजे गाणंच पुसलं जाईल. मऊ ब्रशने धूळ झाडा, पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा. एलपीची, म्हणजे नंतरच्या काळातल्या बारीक खाचेच्या तबकडीची, सुईही लावू नका. ७८ची खाच बरीच रुंद असते, बारीक सुई तळाशी घसरते आणि नुसती खरखर ऐकू येते. ७८साठी जाड टोकाची वेगळी सुई मिळते.

मग लेबलाभोवतीच्या मोकळ्या कडेवर टॉर्च तिरका धरा. तिथे बारीक आकडा दिसेल, तो मॅट्रिक्स नंबर, म्हणजे त्या ध्वनिमुद्रणाचा क्रमांक. एकाच गायकाने तेच पद दोनदा मुद्रित केलं असेल, तर फरक बहुधा तिथेच कळतो. तो लिहून ठेवा.

एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं, त्यातच सगळी गायकी बसवलेली! गायिका गौहरजानने १९०२ साली कलकत्त्यात ध्वनिमुद्रण केलं. तिच्या तबकड्यांत शेवटी ती स्वतःचं नाव सांगते. ते ऐकताना अंगावर काटा येतो. लेबल फाटलेली तबकडी म्हणूनच टाकू नका, नाव आत असू शकतं.