औषधाच्या खोक्यावरच्या चौकोनी ठिपक्यांच्या कोडमधले आकडे कसे वाचायचे?

आईच्या औषधाच्या खोक्यावरचा कोड स्कॅन केल्यावर ०१०८९०१… असे आकडे येतात आणि त्यांचा अर्थ लागत नाही, असं तुम्ही विचारलंय. मी औषधांच्या घाऊक दुकानात साठ्याचं काम बघते, हे आकडे माझ्या रोजच्या पाहण्यातले.

आधी कोड ओळखा. डावी आणि खालची कड सलग काळी, उरलेल्या दोन कडा तुटक असतील तर तो क्यूआर नाही, डेटामॅट्रिक्स आहे. स्कॅनरनं आकड्यांआधी ‘]डी२’ पाठवलं, तर ती कोडच्या प्रकाराची खूण, औषधाशी तिचा संबंध नाही.

समजा, असं आलं: ०१०८९०१२३४५६७८९०१७२७०६००१०४५८२२१७३०१

सुरुवातीचे ०१ म्हणजे पुढचे १४ आकडे उत्पादनाचा क्रमांक. त्यातल्या ८९० वरून माल भारतात बनला असं समजू नका. तो क्रमांक बारकोडचे क्रमांक देणाऱ्या जीएस१ या संस्थेच्या भारतीय शाखेकडून घेतलाय, एवढंच त्यातून कळतं. मग १७ म्हणजे मुदत, पुढचे सहा आकडे वर्ष-महिना-दिवस. इथे २७०६००. दिवस ०० दिसला की घाबरू नका, त्याचा अर्थ महिनाअखेर, म्हणजे ३० जून २०२७. आमच्याकडचं एक जुनं सॉफ्टवेअर या शून्याला ३१ मे समजायचं आणि चांगला माल महिनाभर आधीच बाद दाखवायचं.

खरी अडचण यापुढे आहे. १० म्हणजे बॅच, २१ म्हणजे त्या एकाच खोक्याचा अनुक्रमांक. दोन्हींची लांबी ठरलेली नाही, २० अक्षरांपर्यंत कितीही. मग ४५८२२१७३०१ मध्ये बॅच कुठे संपते? ४५८२ वर, की सगळीच बॅच? कोडमध्ये बॅच संपल्यावर एक न दिसणारं विभाजक अक्षर असतं (संगणकाच्या आस्की या अक्षर-यादीतला क्रमांक २९). स्कॅनर कीबोर्डसारखा जोडलेला असला की ते बरेचदा वाटेतच गळतं. आमच्या नोंदवहीत अशा चुकीच्या बॅच शिरल्या होत्या. कंपनीनं एखादी बॅच परत मागवली असती, तर ती आम्हाला सापडलीच नसती! ही चूक मला फार गंभीर वाटते, म्हणून इतकं सविस्तर लिहितेय.

दुकानात वापरायच्या बऱ्याच स्कॅनरमध्ये विभाजकाच्या जागी दिसणारं चिन्ह पाठवायची सेटिंग असते, ती चालू करा. मोबाइलवर वाचत असाल तर जीएस१ समजणारं अ‍ॅप घ्या, ते तुकडे पाडूनच दाखवतं.

काहीच नसेल तर अंदाज करू नका, खोक्यावर छापलेली बॅच बघा. ती ४५८२ असेल तर पुढचे २१ खूण आणि ७३०१ अनुक्रमांक. छापील बॅच किंवा मुदत कोडशी जुळलीच नाही, तर ते औषध आईला देण्याआधी खोकं घेऊन दुकानदाराकडे जा.