तिचं आहे ते तिचंच राहू दे

चि. पोरीस अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा जिन्यात बसून तू मोबाइल पुढं केलास आणि म्हणालीस, "काका, बघा तरी, तिनंच लिहिलंय हे सगळं. टाकू का ग्रुपवर?" मी बघितलं नाही. तुला वाटलं माझ्याकडं चष्मा नाही. चष्मा खिशातच होता.

तुझी बाजू खरी असेल, मी ते धरूनच चालतो. सातवीपासूनची मैत्रीण, एका डब्यात जेवलेल्या तुम्ही, आता विश्रामबागेत एकाच अभ्यासिकेत बसता आणि ती महिनाभर समोरून जाते पण मान वर करत नाही. रडू येणारच. माणूस गेलं की दहावं-तेरावं असतं, चार लोक दारात येऊन बसतात. मैत्री गेली तर कुणी विचारायलाही येत नाही, उलट "एवढं काय त्यात" म्हणतात. मी तसं म्हणणार नाही. पण दोन दिवस जेवली नाहीस असं तुझी काकू सांगत होती. तो मूर्खपणा आहे. जेव.

आता त्या स्क्रीनशॉटचं. तिनं रात्री एक वाजता जे लिहिलं ते तुला लिहिलं, ग्रुपला नाही. आज ती तुझी मैत्रीण राहिली नसेल, म्हणून ते लिहिणं तुझ्या मालकीचं होत नाही. तिचं आहे ते तिचंच.

मी सांगलीजवळच्या हरिपूरचा. आमच्याकडं हळद पेवात ठेवायचे. जमिनीत वीस-पंचवीस फूट खोल, तोंड माणूस उतरेल एवढंच, पोट मोठं. हळद आत गेली की तोंड बुजवून वर माती लिंपायची. वर्षानुवर्षं कीड लागायची नाही. वरून चालणाऱ्याला पत्ता नसायचा की आपल्या पायाखाली कुणाची मिळकत आहे. व्यापाऱ्यांचं आपसात वाजायचं, बोलणं बंद व्हायचं, मार्केट यार्डात समोरासमोर तोंड फिरवायचे. पण भांडण झालं म्हणून एकानं दुसऱ्याचं पेव उकरलं, असं मी कधी ऐकलं नाही. 2005 च्या महापुरात पाणी शिरून पुष्कळ पेवं वाया गेली, ती नदीनं घालवली, माणसानं नव्हे. आणि पेव उघडलं तरी लगेच आत उतरत नसत. आतली कोंडलेली हवा जीव घेते. तोंड उघडं ठेवून थांबायचं, कंदील खाली सोडायचा, विझला तर अजून थांबायचं. तिच्याशी बोलायचं असेल तर तूही तसंच थांब. आत्ता तुझा कंदील विझतोय.

तुला वाटेल, म्हाताऱ्याला सांगायला काय जातंय. गेलंय, बरंच गेलंय.

अडत दुकानात मी दिवाणजी होतो तेव्हा माझा एक जिवलग होता. त्याच्या घरची एक गोष्ट फक्त मला माहीत होती. पुढं पैशावरून आमचं फाटलं आणि त्यानं यार्डभर केलं की मी हिशेबात हात मारला. एक वाक्य बोललो असतो तर त्याचं तोंड कायमचं बंद झालं असतं. बोललो नाही. दुकान सोडावं लागलं. तुझी काकू आजही म्हणते, "तुमच्या तोंडाला कुलूप आणि नाव मात्र चोराचं." तिचं काय चुकलं? पोरांच्या शाळेची फी तिनं पापड लाटून भरली. तरी सांगतो, पुन्हा तीच वेळ आली तरी मी तेच करीन. त्यानं खोटं बोलायचं ठरवलं तो त्याचा प्रश्न, माझ्याकडं त्याचं जे होतं ते माझ्यावर विश्वासून दिलेलं होतं. ती गोष्ट काय होती, हे काकूलाही माहीत नाही. तुलाही सांगणार नाही, विचारू नकोस.

2019 च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं, त्याचं घर गावभागात. मी फोन लावला. त्यानं उचलला नाही. मी परत लावला नाही, ते मात्र अजून टोचतं. मी काय राखलं हे त्याला कधी कळलं का, कोण जाणे. कळावं म्हणून केलं नव्हतं असं मी लोकांना सांगतो. कळलं असतं तर बरं वाटलं असतं, हे तुला सांगतो.

एक अपवाद आहे. तिच्या लिहिण्यात जिवाचं काही बरंवाईट करून घेण्याची भाषा असेल, तर तिच्या आईला गाठ, आजच. तिथं गुपित-बिपित काही नाही. तसं नसेल तर सगळं पुसून टाक. ठेवलंस तर एखाद्या रात्री हात जाईलच. मधल्या मैत्रिणींना "तू कुणाच्या बाजूची" असं विचारायचं नाही, त्यांच्या हाती निरोप धाडायचे नाहीत, आणि ती ऑनलाइन आहे का हे दर तासाला बघणं बंद कर. अभ्यासिकेतली जागा बदलून घे, पण अभ्यासिका सोडू नकोस. तू काय गुन्हा केलायस?

तिची राज्यशास्त्राची वही तुझ्याकडं आहे म्हणालीस. परीक्षा तिचीही आहे. उद्या सकाळी स्वतः जाऊन दे. दार उघडलं तर "वही आणलीय" एवढंच म्हण. ती बोलली तर बोल, नाही बोलली तर सरळ बसस्टॉपवर ये, घुटमळू नकोस. आणि वहीत चिठ्ठी घालायची नाही. मी ओळखतो तुला.

तुझा,
काका