बारावीनंतर कबड्डीसाठी कुठं प्रवेश घेऊ: सांगलीतलं नावाजलेलं कॉलेज की तासगावातलं घराजवळचं?

तू लिहिलंयस की डावा कोपरा, म्हणजे बचावात डाव्या टोकाला, खेळतोस, सांगलीवाले हॉस्टेल-मेस फुकट देतायत आणि तासगावचे सर पहिल्या सातात घेतो म्हणतायत. तासगावला जा.

मीपण डावा कोपराच. २०११ ला अशाच बोलीवर सांगलीला गेलो. आमचे चुलते अजून चारचौघांत म्हणतात, "पोरगं फुकटच्या जेवणाला भुललं." साफ खोटं. त्या मेसच्या आमटीत डाळ शोधावी लागायची, तिला कोण भुलतंय? मी मॅटला भुललो. गावात मातीवर ढोपरं सोलून घेतलेल्या पोरानं लाईटखाली अंथरलेली मॅट बघितली की त्याचं डोकं चालत नाही.

त्यामुळं एक प्रश्न विचारायचा राहिला: माझ्या जागेवर आत्ता कोण खेळतंय आणि तो कितव्या वर्षाला आहे? होता दुसऱ्या वर्षाला. तो जाईपर्यंत सरांनी बाहेरून आणखी एक आणला. मी कायमचा बारावा, बाकावर.

विद्यापीठाच्या आंतरविभागीय स्पर्धेतल्या एका सामन्यात चार मिनिटं राहिलेली, आमच्या कोपऱ्याच्या पोटरीत गोळा आला. सर म्हणाले, "ट्रॅकसूट काढ." घाईत पँट बुटात अडकली. मी एका पायावर उड्या मारतोय, तेवढ्यात त्याला स्प्रे मारला आणि तो उठून उभा राहिला. सर माझ्याकडं न बघताच म्हणाले, "घाल परत."

माझ्याच गावचा दोस्त तासगावला राहिला. त्यांचा संघ दुसऱ्याच फेरीत गारद व्हायचा, पण हा प्रत्येक सामना पूर्ण खेळायचा. चढाईवाल्याचा चवडा धरला की सोडत नाही हे निवड समितीनं डोळ्यांनी बघितलं आणि शिवाजी विद्यापीठाच्या संघात घेतलं. पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेला खेळून आला. विद्यापीठाचा संघ सातारा, सांगली, कोल्हापूर तिन्ही जिल्ह्यांतले खेळाडू खेळताना बघून निवडतात. बाकावरचा कुणाला दिसत नाही.

मोठ्या कॉलेजात खेळाडूची कदर होते, असं कुणी सांगेल. गोळेश्वरच्या पैलवान खाशाबा जाधवांना १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला पाठवायला कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार उभे केले, हे खरंय. पण तसा माणूस भेटायला नशीब लागतं. मी गुडघ्याचा पट्टा मागितला होता, तोही मिळाला नाही.

नोकरीचंही विचारलंयस. सरकारी भरतीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण नुसतं भाग घेतल्याचं प्रमाणपत्र चालत नाही, वरच्या स्पर्धेत नंबर यावा लागतो. कुठल्या पदाला काय लागतं ते जिल्हा क्रीडा कार्यालयात जाऊन विचार, दोस्तांना नको.

हां, तू चढाईपण चांगली करत असशील तर गोष्ट वेगळी, चढाईवाल्याला कुठंही जागा निघते. सांगलीचा डावा कोपरा यंदा तिसऱ्या वर्षाला असेल आणि सर बाहेरची पोरं आणत नसतील, तरी विचार करायला हरकत नाही. बी.ए. की बी.कॉम. ते तुझं तू बघ.

आणि चुलते हे वाचत असतील तर: द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीला मी दर रविवारी पहिल्या एसटीनं बागेत हजर असायचो. आईला विचारा.